शेवटच्या बसच्या आत

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. गणपती जाऊन पाच दिवस झाले होते आणि मैदानावर अजून चिखल होता. आमच्या फुटबॉल संघाचा सामना संपायला दहा मिनिटं असताना मी कडेनं एक फेरी मारली आणि माणसं मोजली. सदतीस. त्यात खेळाडूंचे मित्र अकरा, समोरच्या संघाबरोबर आलेले नऊ, शेंगा विकणारा एक, बाकीचे जाता जाता थांबलेले. आमच्या बावीस खेळाडूंपैकी एकाच्याही घरचं कुणी नव्हतं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला आहे. तरुणपणी याच क्लबकडून खेळलो, आता कार्यकारिणीत आहे. त्या रात्रीच्या बैठकीत ठरलं की प्रेक्षक वाढवायचं काम एकानं अंगावर घ्यायचं, आणि ते माझ्याकडं आलं. पुढचे सात महिने त्यात गेले. खानापूर, निपाणी, चंदगड इकडच्या काही मंडळींनी अलीकडं विचारलं की तुम्ही नक्की काय केलंत. म्हणून झालं तसं क्रमानं लिहून ठेवतोय.

बेळगावला फुटबॉल नवा नाही. कॅम्पात, मिशनच्या शाळांत, लष्कराच्या मैदानांवर तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातोय. पण आमचा क्लब दक्षिणेकडचा. इकडं शहापूर-वडगावात मागांचा खडखडाट, पुढं येळ्ळूर, धामणे ही शेतीची आणि तालमींची गावं. इथला रविवार कुस्तीचा, नाहीतर टेनिस बॉल क्रिकेटचा. फुटबॉल म्हणजे कॅम्पातल्या पोरांचा खेळ, असं आमच्याच गल्लीत आजही बोललं जातं.

सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. ऑक्टोबरात चार ठिकाणी फ्लेक्स लावले, ३,६०० रुपये गेले. व्हॉट्सॲपवर निमंत्रण फिरवलं, एका पुढाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. २० ऑक्टोबरच्या सामन्याला एकसष्ट माणसं आली. पाहुणे नाणेफेक करून गेले, त्यांच्याबरोबर वीसेक माणसंही गेली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. पोरांनी चार गोल केले होते आणि टाळ्या वाजवायला समोर कुणी नव्हतं.

त्याच महिन्यात दुसरी अडचण कळली. हंगामभर एकच मैदान मिळालं तर लोकांना सवय लागेल, म्हणून एका शाळेकडं मैदान मागितलं. शाळेनं क्लबच्या नोंदणीचा दाखला आणि चालू वर्षाचं नूतनीकरण मागितलं. दाखला होता, नूतनीकरण नव्हतं. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० चा. त्याप्रमाणे दरवर्षी वार्षिक सभा झाल्यावर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी आणि तपासलेला हिशेब जमा करावा लागतो. कोरोनात सभा थांबल्या त्या थांबल्याच, आणि चार वर्षांचे कागद राहून गेले होते.

हे काम बघून हातपाय गळतात, पण ते होतं. आम्ही आधी सीए गाठला. जमाखर्चाच्या वह्या, बँकेचं पासबुक आणि चार वर्षांच्या पावत्या एका पिशवीत घालून त्याच्यापुढं ठेवल्या. २१ ऑक्टोबरला अर्ज दिला. मध्ये दिवाळी गेली. १२ नोव्हेंबरला अर्ज परत आला, कारण एका वर्षीच्या यादीवर जुन्या चिटणिसांची सही ठरावाच्या वहीतल्या सहीशी जुळत नव्हती. ते चिटणीस आता पुण्याला मुलाकडं असतात. त्यांना कुरिअरनं कागद पाठवला, सही होऊन आली, १८ तारखेला पुन्हा अर्ज दिला आणि ६ डिसेंबरला नूतनीकरण हातात पडलं. सहा फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीला अर्धी रजा. सीएची फी, दंड, शुल्क, झेरॉक्स धरून ११,२०० रुपये लागले. ठरावाची मूळ वही कुठंही देऊन येऊ नका, फक्त दाखवायला न्या. आणि अर्ज कन्नडमध्ये भरायचा असतो, त्यामुळं कन्नड नीट लिहिणारा माणूस पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. आमच्या गोलरक्षकाचा थोरला भाऊ हिरेबागेवाडीहून दर फेरीला आला. त्यानं प्रत्येक ओळ मला मराठीत समजावून मगच लिहिली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

खेळाडूंची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या केंद्रीय नोंदणी प्रणालीवरची ऑनलाइन नोंदणी त्यामानानं सोपी गेली. तिथं जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. आमच्या तिघांच्या आडनावात एक अक्षर कमी-जास्त होतं. त्या दुरुस्तीतच महिना गेला.

कागद चालू असताना सामने नव्हते. या रिकाम्या वेळात मला खरी वाट सापडली. आमची बावीस पोरं नऊ गावांची. मी आणि प्रशिक्षक संध्याकाळी मोटारसायकलवरून एकेका घरी जायला लागलो. आधी घरच्यांना निमंत्रण द्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

येळ्ळूरला आमच्या डाव्या बगलेच्या पोराच्या घरी गेलो. त्याची आई अंगणात मसूर निवडत होती. मी म्हटलं, "अक्का, पोरगा एवढा चांगला खेळतोय, तुम्ही एकदा बघायला यायला पाहिजे."

"याला काय गा, येतो की," ती म्हणाली. "पण बायकांनी बसायचं कुठं तिथं? उभ्यानं बघायचं काय?"

मग दुसरा प्रश्न आला. "संडासाची सोय हाय काय?" आणि तिसरा, "किती वाजता सुटतंय? शेवटची बस गेली की घरला कसं याचं?"

पुढच्या घरीही हेच प्रश्न. धामण्यालाही हेच. नऊ गावांत फिरलो. फुटबॉल कळत नाही म्हणून येत नाही, असं एकाही घरात कुणी म्हटलं नाही. बसायला जागा, संडास, परतीची बस. खिशातल्या डायरीत या तीन गोष्टी लिहिल्या आणि त्यांच्याभोवती आम्ही अख्खा हंगाम पुन्हा मांडला.

बसचं आधी सांगतो, कारण सगळा फरक तिथं पडला. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली बायकांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, आधार कार्ड दाखवलं की झालं. म्हणजे येळ्ळूरच्या अक्काला मैदानावर यायला एक पैसा लागत नव्हता. अडत होतं ते फक्त वेळेवर. आम्ही सामना साडेचारला ठेवायचो, कारण आम्हाला ऊन नको होतं. तो संपेपर्यंत सहा वाजून जायचे आणि गावाकडची सोयीची बस सहा-दहाची. मी लागोपाठ तीन रविवार थांब्यावर उभा राहून बसच्या वेळा लिहून काढल्या. तुम्हीही स्वतः उभं राहूनच लिहा, लोकांना विचारून काढलेल्या वेळात दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो. मग सामना साडेतीनला आणला. पस्तीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये दहा मिनिटं, पाचला सगळं मोकळं. पोरांनी उन्हाबद्दल थोडी कुरकुर केली. कुणाच्या आया येणार आहेत हे सांगितल्यावर ती थांबली.

दुसरी गोष्ट तालमीतून आली. आपल्याकडं कुस्तीचं मैदान बघा. निवेदक पैलवानाचं नुसतं नाव घेत नाही. गाव सांगतो, वस्ताद सांगतो, बापाचं नाव सांगतो, आणि हलगी कडाडते. त्या गावचा माणूस गर्दीत कुठंही असला तरी उठून उभा राहतो. कोल्हापूरला फुटबॉलनं हेच केलंय. तिथं शाहू स्टेडियमवर जे संघ उतरतात ते पेठांचे आणि तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं घेतली की अख्खी पेठ तिकीट काढून येते. मी चार-पाच वेळा तिथं सामने बघितलेत. ज्याला ऑफसाइड सांगता येणार नाही असा म्हाताराही पेठेच्या ईर्षेनं घसा बसेपर्यंत ओरडतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. आमच्या क्लबला अशी पेठ नव्हती. पण नऊ गावं होती, आणि ती आजवर आम्ही वापरलीच नव्हती.

१२ जानेवारीला येळ्ळूरच्या एका शेतात आम्ही आमचेच दोन संघ करून प्रदर्शनी सामना खेळलो. भात कापून झालं होतं, वावर मोकळं होतं. मालकानं पैसे घेतले नाहीत, फक्त बांध तुडवू नका म्हणाला. सड काढायला पोरांना दोन सकाळी लागल्या. गावच्या तालमीतून हलगी आणि निवेदक घेतला. तो कुस्तीचा निवेदक, त्याला फुटबॉलचे शब्द माहीत नव्हते. मी शेजारी उभा राहून नावं सांगत होतो आणि तो आपल्या पद्धतीनं पुकारत होता. डाव्या बगलेच्या पोराचं नाव, बापाचं नाव, गल्लीचं नाव. बांधावर तीनशेच्या आसपास माणूस बसला होता. तालमीचे वस्ताद मध्यंतरात प्रशिक्षकाजवळ आले आणि पहिलाच प्रश्न केला, "पोरास्नी जोर किती मारायला लावतासा?" दोघं त्यावर पंधरा मिनिटं बोलत उभे राहिले. त्या दिवशी घरी येताना मला सप्टेंबरनंतर पहिल्यांदा बरं वाटलं.

शहरातल्या मैदानावरचा पहिला मोठा सामना खरं तर २९ डिसेंबरला व्हायचा होता. परवानगीचं गणित इथं सांगायला पाहिजे. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी लागते. अर्जाला मैदानमालकाचं ना-हरकत पत्र आणि क्लबचा दाखला जोडायचा. आपल्या भागात दोन काळ टाळा. एक, १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आगेमागेचा आठवडा. दुसरा, डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये भरणारं राज्य विधिमंडळाचं अधिवेशन. तेव्हा सगळा बंदोबस्त तिकडं असतो आणि तुमचा अर्ज मागं राहतो. २०२४ मध्ये अधिवेशन ९ डिसेंबरला सुरू झालं. ते संपल्यावर महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालच्या १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीचा मोठा कार्यक्रम होता, आणि २६ तारखेला डॉ. मनमोहन सिंग गेले. राज्यात सात दिवसांचा दुखवटा होता. आम्ही सामना पुढं ढकलला. शताब्दीचा राहिलेला मेळावा २१ जानेवारीला झाला, मग प्रजासत्ताक दिन. शेवटी २ फेब्रुवारी ठरली.

त्या दिवशी दोनशे चौदा माणसं आली. त्यातल्या एकोणसत्तर बायका होत्या. कुपनं फाडून दिली होती म्हणून आकडा नक्की आहे. प्रवेश मोफत, कुपन फक्त मोजणीसाठी. शाळेनं मुलींच्या बाजूचे चार संडास उघडून दिले. ते साफ करणाऱ्या मावशींना ३०० रुपये दिले आणि सामना संपेपर्यंत त्यांना तिथंच थांबायला सांगितलं, कारण एकदा घाण झाली की पुन्हा बायका येणार नाहीत. मंडपाचं कापड आणि सतरंज्या १,८००, ध्वनिक्षेपक १,५००, पाणी ४००. म्हणजे सामन्याला चार हजार. डब्यात १,१५० रुपये जमले. फ्लेक्स यावेळी एकच केला, वर कन्नड आणि खाली मराठी. निवेदकही दोन ठेवले. एक येळ्ळूरचा, दुसरा गोलरक्षकाचा तो थोरला भाऊ. नाव दोन्ही भाषांत पुकारलं जायचं. आमच्या संघात घरी कन्नड बोलणारी सात पोरं आहेत, उर्दू बोलणारी तीन. त्यांच्या माणसांना आपलं नाव आपल्या भाषेत ऐकू यायलाच पाहिजे.

फेब्रुवारीच्या शेवटी मात्र सगळं थांबलं. भाषेच्या वादावरून तणाव वाढला, दोन्ही राज्यांतल्या बस सीमेवर अडकल्या. २३ तारखेला पोरांना आणि वीस पालकांना घेऊन शाहू स्टेडियमला जायचं होतं, ते रद्द झालं. पुढं २२ मार्चला कर्नाटक बंद. मार्चभर आधी पीयूसीच्या (बारावीच्या) आणि मग दहावीच्या परीक्षा, त्यामुळं ध्वनिक्षेपकाचा प्रश्नच नव्हता. जवळजवळ सात आठवडे एकही सामना नाही. मला रात्री झोप लागत नव्हती. नऊ गावांतली ओळख आता कुठं जमत होती, आणि त्यात हे. सगळ्यात जास्त धास्ती हिरेबागेवाडीची वाटत होती. ते लोक आता आमच्या भागात येतील का?

मी फोन केला नाही, घरी गेलो. गोलरक्षकाच्या आईनं चहा ठेवला आणि विचारलं, पुढचा सामना कधी? आमच्या दोघांचं अर्धं बोलणं तिच्या मुलानं भाषांतर करून सांगितलं. "नम्म हुडुगा", आमचा पोरगा, एवढं मला मुलाशिवाय कळलं.

त्या दिवसांत पोरांना एकत्र धरून ठेवलं ते आयएसएलनं, म्हणजे इंडियन सुपर लीगनं. उपांत्य फेरीत समोरासमोर बेंगळूर आणि गोवा. आपण बरोबर मधे. आमच्या जुन्या मंडळींचा जीव गोव्यावर, कारण त्यांनी धेंपो, साळगावकर, चर्चिलच्या गोष्टी ऐकत आयुष्य काढलं. मडगाव एका दिवसात जाऊन येण्यासारखं, बेंगळूर पाचशे किलोमीटर. पोरांचा जीव मात्र सुनील छेत्रीवर. बेंगळूरचा क्लब २०१३ मध्ये शून्यातून सुरू झाला आणि पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकला, हे त्यांना पाठ आहे. ६ एप्रिलला रामनवमी होती. संध्याकाळी गल्लीतल्या एका घराच्या ओट्यावर टीव्ही आणून ठेवला. मडगावच्या फातोर्ड्यात गोवा दोन गोलनी पुढं, दोन्ही सामने मिळून बरोबरी, आणि भरपाईच्या वेळेत छेत्रीचं हेडर. बेंगळूर अंतिम फेरीत. गल्लीत जो आरडाओरडा झाला तो ऐकून येळ्ळूर रस्त्यावरची माणसं थांबली.

मी त्या रात्री पोरांना २०१८ ची गोष्ट सांगितली. मुंबईत भारताचा चायनीज तैपेईविरुद्ध सामना झाला तेव्हा स्टेडियममध्ये फक्त २,५६९ माणसं होती. छेत्रीनं व्हिडिओ काढून लोकांना हात जोडले, टीका करायची तर करा पण मैदानावर येऊन करा अशी विनवणी केली. तीन दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. त्याच्यासारख्याला विनवावं लागलं, तर आपण दारोदार जायला लाजायचं कशाला, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पोरं स्वतः गावोगाव गेली.

१२ एप्रिलला कोलकात्यात बेंगळूर मोहन बागानकडून जादा वेळेत २-१ हरलं. पोरं रात्री उशिरा झोपली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, साडेतीनला आमचा सामना.

कुपनं सहाशे छापली होती, तीन वाजून चाळीस मिनिटांनी संपली. त्यानंतर आलेल्यांची मोजणी झाली नाही. येळ्ळूरच्या बायका एका बसनं आल्या, हलगीवाले मागून टेम्पोनं. हिरेबागेवाडीहून एकोणीस जण आले. वस्ताद आपल्या तालमीतली बारकी पोरं घेऊन आले. पहिल्या डावात आभाळ भरलं आणि विसाव्या मिनिटाला वळीव कोसळला. सतरंज्या डोक्यावर घेऊन माणसं शाळेच्या व्हरांड्यात गेली. तिथं बराच वेळ येळ्ळूरच्या अक्का आणि गोलरक्षकाची आई एकाच सतरंजीखाली उभ्या होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. दोघींची भाषा वेगळी, पण बोलत मात्र सारख्या होत्या.

पाऊस थांबला तेव्हा घड्याळ बघितलं. राहिलेला पहिला डाव आणि पुरा दुसरा डाव खेळलो तर सहा-दहाची बस पकडताना बायकांची पळापळ झाली असती. दोन्ही कर्णधारांना आणि पंचांना बोलावलं, दुसरा डाव पंचवीस मिनिटांचा करायचं ठरलं, आणि दोन्ही निवेदकांनी कारणासकट ते सांगितलं. माणसं परत येऊन कडेनं उभी राहिली, कारण सतरंज्या भिजल्या होत्या. आम्ही १-१ बरोबरीत सुटलो. आमचा गोल धामण्याच्या पोरानं मारला. हलगी येळ्ळूरची होती तरी वाजली. डब्यात ३,८७० रुपये निघाले. मंडपवाल्यानं भिजलेल्या सतरंज्यांचे जादा २०० घेतले.

सोमवारी दुपारी शिफ्टमध्ये असताना धामण्याहून गोल मारणाऱ्या पोराच्या चुलत्यांचा फोन आला. "येळ्ळूरला शेतात खेळलासा म्हणं. आमच्याकडं कधी ठेवूलालासा?" मी म्हटलं, "मामा, भात निघू दे." म्हणजे नोव्हेंबरची अखेर, नाहीतर डिसेंबरचा पहिला रविवार, अधिवेशनाच्या आधी. नूतनीकरणासाठी वार्षिक सभा यंदा जूनमध्येच घेतोय. सप्टेंबरपासूनचे सामने साडेतीनलाच. बसच्या वेळा पावसाळ्यात बदलतात, म्हणून पुढच्या रविवारपासून मी पुन्हा थांब्यावर आहे.